एका कान्याची गोष्ट

मी एक जुने लोखंडी उलथने आहे. माझी एक कड तिरपी झिजली आहे. लोहाराने मला सरळच घडवले होते. आईच्या उजव्या हातात वीस वर्षे कांदा परतून परतून मी अशी तिरपी कड मिळवली.

मित्रांनो, परतणे म्हणजे तळणे नव्हे. तेल बेताचे, आच मंद, आणि तळाशी गेलेले सारखे वर आणायचे. आईने हे लेकीला माझ्याच साक्षीने शिकवले. "परत ग, नुसती बघतेस काय!" असे ती लेकीला म्हणायची. बाबांवर कधी शेगडीपाशी उभे राहायची वेळ आली, तर मात्र "अहो, परता जरा." लेकीला 'परत', नवऱ्याला 'परता'. त्या एका कान्याचा मान तिने कधी सोडला नाही.

लेक दूरच्या नोकरीवर निघाली, तेव्हा बाबांचे डोके फिरले. "गेलीस तर मी बोलावणार नाही," ते म्हणाले. लेकही त्यांचीच. बोलावल्याशिवाय ती आली नाही.

यंदा आईला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, वाचाही गेली. उरला एकच शब्द. स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून ती म्हणते, "परत... परत..."

बाबा घाईघाईने मला उचलतात. "परततोय ना ग! आणखी किती परतू?"

कांद्याचा कोळसा होतो. आई जोरजोराने मान हलवते. तिचे डोळे बाहेरच्या दाराकडे असतात. मला ओरडावेसे वाटते, अहो, तुम्हाला ती 'परता' म्हणायची, हे 'परत' तुम्हाला नाही! पण मी पडले लोखंड.

परवा लेकीचा फोन आला. बाबांनी तो मोठ्या आवाजावर ठेवला होता.

"बाबा, या आजारपणात आई माझ्याबद्दल काही बोलते का हो?"

"बोलते कसली! माझ्या स्वयंपाकावर मात्र बारीक लक्ष असतं तिचं," बाबा हसून म्हणाले. मी त्यांच्याच हातात होते.

"बरं," लेक म्हणाली. तिने फोन ठेवला.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा असे मी म्हणणार नाही. गंज चालेल मला. पण घरातले कोणी एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत असेल, तर हातातले काम खाली ठेवा आणि ते माणूस कुठे बघते आहे ते बघा.

आत्ताही कढई तापली आहे. आई म्हणते आहे, "परत." आणि बाबा मला आणखी जोरात फिरवू लागले आहेत.