शेवटच्या रांगेतून अकरा सिनेमे

झिपरीच्या पत्राला भिंगवाल्यांनी उत्तर दिलं नव्हतं, त्याला आता सात महिने होत आले होते. पत्र हरवलं होतं असं नाही. ते टेबलाच्या डाव्या खणात, जाडजूड शब्दकोशाखाली होतं. तो खण उघडायची वेळच येऊ नये म्हणून त्यांनी कात्री, डिंक, पोस्टाची तिकिटं, असं रोज लागणारं सगळं सामान उजव्या खणात हलवलं होतं.

भिंगवाले हे नाव छापखान्यातलं. चौतीस वर्षं त्यांनी तिथे हातात भिंग धरून मुद्रितं तपासली. त्या कामाची एक अट असते, मजकुरात गुंतायचं नाही. गोष्टीत रमलं की डोळा पुढे पळतो आणि चूक मागे राहते. एखाद्या कादंबरीत आई मरत असली तरी तपासनिसाने फक्त वेलांट्या बघायच्या. हे अंगात इतकं मुरलं होतं की स्वतःची बायको गेल्यावर आलेली सांत्वनाची पत्रंसुद्धा त्यांनी आधी तपासली होती आणि नंतर वाचली होती.

झिपरी ही त्यांची नात, मुलाची मुलगी. वय पंधरा. केसांना फणी लावू द्यायची नाही म्हणून आजीने ठेवलेलं नाव. आजी गेली, नाव राहिलं. मुलगा, सून आणि झिपरी चार तासांवरच्या गावात राहत. मुलगा तिथल्या कारखान्यात पाळीवर कामाला होता.

पत्र वहीच्या फाडलेल्या पानांवर होतं.

"प्रिय आजोबा," तिने लिहिलं होतं, "फोन बाबांकडे असतो म्हणून पत्र. तुम्ही छापखान्यात चुका काढायचात ना, मी सिनेमातल्या काढते. अकरा झाले. मार्क दहापैकी.

बँक लुटतात तो. हीरो झकास आहे, पण चोर पळतायत आणि मधेच सगळे नाचतायत, पोलीस काय ताल धरून उभे होते का? सात.

भुताचा. काहीच भीती वाटली नाही. भूत सारखं दार आपटतं. आपटणाऱ्या दाराला कोण घाबरतं? जे हळूच लागतं ते दार वाईट. चार.

लग्नाचा. खूप हसले. त्यातला मामा नुसता शिंकला तरी हसू येतं. नऊ.

पोलिसाचा. त्यात नवरा चिडून घरी येतो आणि बायको मोठ्या आवाजात टीव्ही बघत बसलेली. चूक. टीव्ही आधी बारीक करायचा असतो, म्हणजे जिन्यावरची पावलं ऐकू येतात. पावलांवरून कळतं. एवढं डायरेक्टरला माहीत नाही म्हणजे कमाल आहे. पाच.

मारामारीचा. सगळे एकमेकांच्या तोंडावर मारतात. कुणी तोंडावर मारत नाही, दुसऱ्या दिवशी लोक बघतात. तीन, तेही गाण्यांचे."

अशी दहा सिनेमांची मतं होती. अकरावं असं होतं:

"म्हाताऱ्या आजोबांचा. थिएटरात सगळे रडत होते. त्यात मुलगा बायकोवर हात उगारतो तेव्हा आजोबा ताटावरून उठतात आणि त्याचा हात धरतात. हे खोटं आहे. आजोबा उठत नाहीत. पण सीन चांगला होता. दहा."

आणि शेवटी: "बाबांना रात्रपाळी असली की ते दिवसभर घरी असतात. त्या आठवड्यात मी शाळा सुटली की थिएटरात जाते. तिकीट खिडकीतल्या मावशी मला शेवटच्या रांगेत बसू देतात. उत्तर घरी पाठवू नका, थिएटरच्या पत्त्यावर मावशींच्या नावाने पाठवा. मी सुट्टीत तुमच्याकडे राहायला येऊ का? सुट्टी संपल्यावर पण राहिले तर चालेल का? नुसतं हो किंवा नाही लिहिलंत तरी चालेल. तुमची झिपरी."

पत्र आलं त्या दिवशी भिंगवाल्यांनी पेन्सिल घेतली आणि सतरा चुका काढल्या. मग पेन्सिल खाली ठेवून पत्राची घडी घातली.

दुसऱ्या दिवशी ते उत्तर लिहायला बसले. 'तुझी मतं मार्मिक आहेत' इथपर्यंत आले आणि त्यांच्या मनात आलं, आपण तर यातला एकही सिनेमा पाहिलेला नाही. न वाचलेल्या पुस्तकावर त्यांनी आयुष्यात कधी तोंड उघडलं नव्हतं. मग न पाहिलेल्या सिनेमांवर लिहायचं कोणत्या तोंडाने? आधी अकराही पाहू, मग सविस्तर लिहू, असं त्यांनी ठरवलं. ठरवल्यावर त्यांना इतकं हलकं वाटलं, की त्या हलकेपणाचाच त्यांना थोडा संशय आला.

सोबतीला जुळारी होता. हाही छापखान्यातलाच, शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणारा. खिळे गेले, यंत्रं आली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

"वीस वर्षांत थिएटरची पायरी चढला नाहीस," जुळारी म्हणाला, "आणि आता एकदम अकरा? प्रेमात पडलास की काय कुणाच्या?"

"नातीला उत्तर लिहायचंय."

"मग फोन कर की."

"फोन मुलगा उचलतो."

जुळाऱ्याने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि विषय सोडला.

काही सिनेमे अजून चालू होते. उतरलेले जुळाऱ्याच्या मुलीकडे टीव्हीवर मिळाले, पण त्यासाठी तिला सवड हवी, जावई घरात नको, असं करत महिने गेले. भिंगवाले वहीत टिपणं काढत. लग्नाच्या सिनेमात जुळारी हसून हसून खोकला. भुताच्या सिनेमात दार आपटलं तेव्हा भिंगवाले दचकले नाहीत. पुढे एक दार आवाज न करता लागलं आणि त्यांच्या हातातली पेन्सिल थांबली. त्या दिवशी टिपण झालं नाही.

दहा झाले. अकराव्यासाठी त्यांना आधी सर्दी झाली, मग पाठ धरली.

"पाठ तुझी की सिनेमाची?" जुळाऱ्याने एका मंगळवारी विचारलं. "चल. पुन्हा लागलाय इथे, बाराचा खेळ आहे. परवा उतरतोय तो."

थिएटरात जेमतेम पंधरा माणसं होती. तो प्रसंग मध्यावर आला. पडद्यावरचा म्हातारा उठला, उठताना त्याची खुर्ची पडली, आणि त्याने मुलाचं मनगट धरलं. संगीत वाजलं. पुढच्या रांगेतल्या एका बाईने नाक पुसलं.

भिंगवाल्यांना दुसरंच टेबल दिसत होतं, सहा वर्षांपूर्वीचं, मुलाच्या घरातलं. सुनेच्या हातून पाण्याचा पेला कलंडला होता. मुलाने तिच्या कानाखाली मारली, जेवता जेवता, दुसऱ्या हातातला घास तसाच धरून. भिंगवाल्यांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. चष्मा स्वच्छच होता. समोर नऊ वर्षांची झिपरी बसली होती. ती बापाकडे बघत नव्हती. ती यांच्याकडे बघत होती. त्यांनी दुसरी काच पुसायला घेतली.

दिवे लागले तरी ते उठेनात.

"ते पत्र आणलंयस का?" जुळाऱ्याने विचारलं.

त्यांनी खिशातून काढून दिलं. आज सकाळीच खण उघडला होता. जुळाऱ्याने तिथेच बसून सगळं वाचलं. सुरुवातीला त्याच्या ओठांवर हसू होतं. पोलिसाच्या सिनेमापाशी ते गेलं.

"हे तू मला सात महिने दाखवलं नाहीस."

"सिनेमांबद्दल आहे, म्हटलं."

"भिंगोबा," जुळारी सावकाश म्हणाला, "ही पोरगी सिनेमांबद्दल लिहितच नाहीये रे."

"मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"पहिल्यांदा वाचलं तेव्हापासून. पेन्सिल घेतली ना, तेव्हाच. नाहीतर कुणी नातीच्या पत्रात वेलांट्या शोधतो का?"

जुळाऱ्याने पत्राची घडी केली. "घाबरतोस मुलाला?"

"हो."

"तुला मारलंय त्याने?"

"नाही. मारलं असतं तर सांगायला तरी काही असतं माझ्याकडे."

साफसफाईवाला झाडू घेऊन आत आला आणि दोघांना बघून दारात थांबला. ते उठले.

बाहेर येऊन जुळाऱ्याने त्या दुसऱ्या गावातल्या थिएटरचा नंबर मिळवला आणि स्वतःचा मोबाइल भिंगवाल्यांच्या हातात दिला. तिकीट खिडकीतल्या मावशींना आपण कोण ते सांगायला त्यांना तीन वाक्यं लागली आणि तिन्ही अर्धवट राहिली.

"अच्छा, आजोबा तुम्ही," मावशी म्हणाल्या. "मला वाटलं, नाहीत तुम्ही. म्हणजे वाईट वाटून घेऊ नका. पोरगी आली की दर वेळी विचारायची, मावशी, आलं का? मी म्हणायची, पोस्टमन म्हातारा झालाय गं, हळू चालतो. सुट्टी लागली, सुट्टी संपली. मग विचारायचं बंद केलं तिने."

"येते का अजून?"

"येते की. गेल्या आठवड्यापासून हात गळ्यात बांधलाय. जिन्यावरून पडले म्हणते. आमच्या शेवटच्या रांगेला चाळीस पायऱ्या आहेत, रोज धावत चढते. ती जिन्यावरून पडेल?"

भिंगवाल्यांना काहीतरी विचारायला हवं होतं. "सिनेमे कसे वाटतात तिला हल्ली?"

"बघते कुठे? झोपते. दिवे लागले की मी उठवते." मावशींनी कुणाला तरी तिकीट फाडून दिलं. "तुम्हाला काय करायचंय ते एकदा ठरवा, आजोबा. मी खिडकीत बसणारी बाई. मी खुर्ची देऊ शकते, घर नाही."

जुळारी म्हणाला, "आत्ताच्या आत्ता गाडी पकड."

"मी स्टँडपर्यंत जाईन आणि परत येईन. मला ओळखतोस तू." भिंगवाल्यांनी मोबाइल परत दिला. "आधी लिहून टाकतो. शनिवारी येतो असं तिच्या हातात पडलं की मला जावंच लागेल. दुसऱ्यांदा तिला त्या खिडकीपाशी उभं करणं मला जमणार नाही."

"मी पण येतो."

"तुला दमा आहे."

"मग काय झालं? दोन म्हातारे, त्यातला एक धापा टाकणारा. तुझा मुलगा हबकूनच जाईल."

दोघंही हसले नाहीत.

घरी येऊन भिंगवाल्यांनी टिपणांची वही बाजूला सारली. सात महिन्यांपूर्वी 'हो' एवढं एक अक्षर पुरलं असतं. आता ते पुरणार नव्हतं, आणि दुसरं काय पुरेल हेही कळत नव्हतं. त्यांनी लिहिलं:

"झिपरी, अकराही पाहिले. अकराव्याबद्दल तुझं बरोबर आहे. मी उठलो नाही. तुझ्या प्रश्नाचं उत्तर हो आहे, सुट्टी संपल्यावरही. उशीर झाला त्याला सांगण्यासारखं कारण नाही. शनिवारी दुपारी दोन वाजता मी तिकीट खिडकीपाशी असेन, जुळारीआजोबाही असतील. तिथून घरी जाऊ आणि तुझ्या बाबांना समोर सांगू. आईला मी विचारेन. ती आली तर तिलाही आणू, ती नाही म्हणाली तरी तू यायचं. मला भीती वाटते आहे. तुझा माझ्यावर आता भरवसा नसेल, तरी खिडकीपाशी ये."

वाचून न बघता त्यांनी पाकीट चिकटवलं. वाचलं असतं तर शेवटचं वाक्य त्यांनी बदललं असतं, मग त्याच्या आधीचं, आणि शनिवार निघून गेला असता.

टपालपेटी कोपऱ्यावर, औषधांच्या दुकानाबाहेर होती. चारला टपाल निघायचं. तिथे उभं राहून त्यांना वाटत होतं, पत्र गुरुवारी पोचेल, पण ती या आठवड्यात थिएटरात गेलीच नाही तर? बाबांची पाळी बदलली तर? एका हाताने तिला पाकीट फोडता येईल का? मावशी फोडून देतील. देतीलच. त्यांनी पेटीची झडप उचलली, पाकीट आत सोडलं, आणि झडप खाली पडल्यावरही हात तिच्यावर तसाच ठेवला.

चारला पोस्टमन सायकलवरून आला, पेटीचं कुलूप काढलं आणि सगळी पाकिटं पिशवीत ओतली. म्हातारा अजून तिथेच उभा आहे हे पाहून तो थांबला.

"काही टाकायचं राहिलंय का, आजोबा?"

"नाही," भिंगवाले म्हणाले. "टाकलं."