नव्वद दिवसांचा नियम

महाडच्या एका फार्मसी कॉलेजात मी पोरांना धंदा शिकवतो. औषधं कशी बनतात ते शिकवायला दुसरे आहेत; ती विकून दुकान कसं जगवायचं, ते शिकवायला मी. विषय रुक्ष, पण मला बोलायची हौस, त्यामुळे माझा तास गाजतो. गेल्या महिन्यापर्यंत मला त्याचा अभिमान होता.

आज शेवटच्या वर्षाची लांबलेली तोंडी परीक्षा आहे. बाहेरून परीक्षक आलेत, मी त्यांच्या शेजारी बसलोय आणि टेबलावर कुडपणच्या समीक्षाची फाईल आहे. तिच्यावर मीच मे महिन्यात पन्नासपैकी अठ्ठेचाळीस गुण टाकलेत. चार दिवस मी एकच वाक्य घोकतोय: चूक या पोरीची नाही, माझी आहे. परीक्षकांसमोर आज ते बोलायचं, असं ठरवून आलोय.

माझं स्वतःचं मेडिकल होतं, बाजारपेठेत. एकवीसच्या पुरात ते छतापर्यंत बुडालं. चिखलातून खोकी उपसली तेव्हा कळलं, निम्मा माल वर्षानुवर्षं खपलेलाच नव्हता. नको ते साठवलं आणि तेही बुडालं. पुढे कॉलेजात लागल्यावर दरवर्षी पहिल्याच तासाला फळ्यावर लिहायचो: नव्वद दिवसांत जे हललं नाही, ते दुकानात ठेवायचं नाही. 'मेडिकल म्हणजे धर्मशाळा नव्हे' हे माझं पालुपद. पोरं मागे माझी नक्कल करायची, तीही मला आवडायची.

यंदा उन्हाळ्यात प्रत्येकाला एकेक दुकान तपासायला दिलं. समीक्षानं कापडे गावातलं महिपतीकाकांचं मेडिकल घेतलं. कुडपणहून डोंगर उतरून आलं की हेच पहिलं. तिच्या यादीत फ्रिजमधल्या दहा बाटल्या होत्या, सापाच्या विषावरच्या इंजेक्शनच्या. दोन वर्षांत एकही गेलेली नव्हती. मुदत संपली की टाकायच्या आणि मृगाच्या आधी नव्या भरायच्या, असं म्हातारा कित्येक वर्षं करत होता.

"काका म्हणतात ती राखण आहे," समीक्षा म्हणाली.

आमच्याकडे शेताच्या राखणदार देवाला वर्षातून एकदा कोंबडं देतात, ती राखण. मी भर वर्गात हसलो. "मग कोंबडंच द्या म्हणावं, स्वस्तात सुटतील." वर्ग खिदळला. समीक्षा हसली नाही.

"सर, पावसात पोलादपूरच्या सरकारी दवाखान्याचा रस्ता बंद पडतो."

"रस्ता उघडा ठेवणं सरकारचं काम. दुकानदाराचं नाही."

यावर बाकं वाजली. मूर्ख माणसाला बाकं वाजलेली फार गोड लागतात.

तेवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण मी तिला घेऊन स्वतः कापड्याला गेलो. महिपतीकाकांनी खुर्ची पुसून दिली, सरबत दिलं.

"सर, हे इकायला नाय ठेवलेलं," ते म्हणाले. "तीन सालांमागं दोघं वाचली यावर. आपल्या डॉक्टरकडं दुसरं काय हाय? माझ्याकडनंच नेतात ते."

"आणि बाकीची वर्षं? फेकूनच देता ना?"

"राखणीचं कोंबडं वाया गेलं, असं कोन म्हणतं का सर?"

मी कागद काढला, गणित मांडलं, आणि ते चोख होतं, हे आजही सांगतो. काकांना त्यातलं काही पटलं नव्हतं. त्यांनी कागद बाजूला सारून समीक्षाकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांदेखत वाढलेली, कुडपणातून एवढं शिकलेली पहिली पोर ती.

"तू काय म्हणतेस गो? तू सांगशील तसं."

ती माझ्याकडे बघायला लागली. मी होकारार्थी मान हलवली. मग ती म्हणाली, "परत करा, काका."

महाडच्या ओळखीच्या घाऊक व्यापाऱ्याला मी तो माल घ्यायला लावला. फ्रिजमध्ये जागा झाली, तिथे थंड पेयं ठेवा, हेही सुचवून आलो. उपदेशाला पैसे पडत नाहीत.

जुलैत पावसानं कॉलेज बंद होतं, म्हणून समीक्षा घरी होती. लावणी चालली होती. दुपारी बांधावर तिच्या आईला, आवडीबाईंना, घोणस चावली. वाडीतल्या माणसांनी डोली करून त्यांना उतरवलं आणि पुढे मिळेल त्या गाडीनं कापड्याला आणलं. डॉक्टर होते, सलाईन होतं, इंजेक्शन तेवढं नव्हतं. पोलादपूरच्या वाटेवर दरड आली होती. समीक्षा मेडिकलमध्ये धावली. फ्रिजमध्ये काय आहे हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी तिनं दार उघडलं. तिनं थंड पेयांच्या बाटल्या एकेक करून बाहेर काढल्या आणि मागची रिकामी फळी हातानं चाचपली. हे मला महिपतीकाकांनी फोनवर सांगितलं.

दरडीच्या अलीकडे, जेसीबीची वाट बघत, आवडीबाई गाडीतच गेल्या.

तेराव्याला मी कुडपणला गेलो. मला कुणी शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. महिपतीकाका कोपऱ्यात बसले होते. "यंदाची राखण चुकली सर," एवढंच म्हणाले. चुकवली कोणी, ते बोलले नाहीत. समीक्षानं चहा दिला आणि तोंडी परीक्षेची तारीख विचारली.

आता ती समोर उभी आहे. परीक्षक खुशीत फाईल चाळतायत.

"दुकानाला तुमचा सर्वांत उपयोगी सल्ला कोणता?"

"न खपणारा माल परत करण्याचा."

"मानला त्यांनी?"

"हो. पूर्ण."

"मग यंदा तोटा?"

"दुकानाला नाय झाला, सर."

"वा." परीक्षकांनी मान डोलावली. माझ्याकडे बघून हसले आणि पुन्हा तिला म्हणाले, "ही कल्पना तुमची, की सरांची?"

हीच ती वेळ होती. वाक्य माझ्या जिभेवर होतं. पण त्यामागे पाच वर्षांचे तास होते, वाजलेली बाकं होती, उद्याचा वर्ग होता. मी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. समीक्षा माझ्याकडे बघत होती. तिनं मला पुरेसा वेळ दिला, हे मला सांगितलंच पाहिजे.

मग ती म्हणाली, "माझी. काकांना मीच सांगितलं."

परीक्षकांनी अठ्ठेचाळीस खोडून पन्नास केले आणि फाईल माझ्यापुढे सरकवली. मी सही केली.