न ऐकलेलं वाक्य

"तिकडं कुठं चालले जी? आज लिहाचं नाही, बोलाचं आहे. इकडं बसा," यमुताई म्हणाल्या, आणि अख्खी समिती हसली.

वामनराव सवयीनं लघुलेखकांच्या टेबलाकडे वळले होते. ओशाळून ते साक्षीदाराच्या खुर्चीवर येऊन बसले. छाती मात्र अशी धडधडत होती की विचारू नका. भीतीनं नाही हो, आनंदानं! सतरा वर्षं या माणसानं नागपूरच्या प्रत्येक हिवाळी अधिवेशनात दुसऱ्यांचं बोलणं टिपून घेतलं. उरलेलं वर्ष कचेरीसमोर टिनाखाली टाइपरायटर मांडून बसायचं, पण डिसेंबर उजाडला की गडी कोट चढवून विधानभवनात हजर. आज पहिल्यांदा त्यांचं बोलणं कोणी लिहून घेणार होतं. आणि घेणार कोण, तर वच्छला. लघुलेखन तिला त्यांनीच शिकवलेलं.

सकाळी नंदनवनातल्या घरातून निघताना बायकोनं, प्रेमिलाबाईंनी, बजावलं होतं, "जरा मोकळं बोला जी. घरी बोलता तसे तोंडातल्या तोंडात नोका बोलू."

भानगड अशी होती. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात रामटेककडच्या एका तलावाचा बांध फुटला आणि दोन गावांचं धान वाहून गेलं. आमदारांच्या समितीनं चौकशी लावली. कार्यकारी अभियंते मनोहरराव यांनी समितीपुढे ठासून सांगितलं, 'चार जूनला मी स्वतः बांधावर गेलो होतो. बांध भक्कम होता.' पुढे जीपची नोंदवही सापडली. चार जूनला जीप गॅरेजात पडलेली, आणि साहेब प्रतापनगरात मेहुणीच्या साखरपुड्याला. समितीशी खोटं बोलणं म्हणजे सभागृहाचा हक्कभंग. साहेबांना भर सभागृहात उभं करायची भाषा सुरू झाली, तशी त्यांनी नवीच टूम काढली. मी असं बोललोच नाही, म्हणाले. लिहिणाऱ्यानं घुसडलं.

लिहिणारे होते वामनराव. म्हणजे दोघांतला एक जण आज खोटा पडणार होता. ते वामनराव असतील, तर पुढच्या डिसेंबरचं बोलावणं संपलं.

शपथ झाली. यमुताई समितीच्या अध्यक्ष, स्वतः धानाची शेती करणाऱ्या, बोलायला फटकळ. त्यांनी गेल्या वर्षीची वही पुढे सरकवली. "वाचा."

वामनरावांनी त्या रेघोट्यांवर बोट ठेवलं आणि खणखणीत आवाजात वाचलं, "चार जूनला मी स्वतः बांधावर गेलो होतो. बांध भक्कम होता."

दोन-तीन आमदारांनी बाक वाजवला. मनोहररावांचा चेहरा उतरला. वामनरावांनी इथेच थांबायला हवं होतं. कोणीही शहाणा माणूस थांबला असता.

पण शपथ ताजी होती, आणि खरी गोष्ट या जगात त्यांच्या एकट्याच्या पोटात होती. समितीत दर दहा मिनिटांनी लघुलेखकाची पाळी बदलते. एक उठतो, दुसरा बसतो, बोलणारा काही थांबत नाही. त्या सांध्यात एखादं वाक्य निसटतं. मग बाहेर चहा पिताना जोडीदाराला विचारायचं आणि मोकळ्या जागेत लिहून टाकायचं, ही सगळ्यांची रीत. नियमात कुठे लिहिलेली नाही, पण वर्षानुवर्षं चालत आलेली. ही दोन वाक्यं त्यांना त्या दिवशीचे जोडीदार रुपराव यांनी सांगितली होती. रुपराव तर मार्चमध्येच वारले.

"ताई, एक सांगाचं राहिलं," वामनराव म्हणाले. "हे मी माह्या कानानं ऐकलं नाही जी. मी बसून राहिलो होतो, रुपराव उठून राहिले होते. त्याईनं मले मंग सांगितलं, मी भरलं."

मनोहरराव ताडकन उभे राहिले. "ऐकलंत? मी हेच म्हणत होतो. ऐकीव गोष्टी माझ्या तोंडी घातल्या. मी बांधावर गेलो असं कधी म्हटलंच नाही."

वामनरावांच्या मनात आलं, आपण हे काय करून बसलो! चोराला आपल्याच हातानं दार उघडून दिलं.

यमुताईंनी चष्मा पुसला. घाई अशी नाहीच. "वामनराव, याच्या पुढचं कोणी ऐकलं?"

"मी ऐकलं, ताई. तिथून समदं माह्या कानानं."

"मंग वाचा."

वामनरावांनी वाचलं. "बांधावर दोन बाभळी वाढल्या होत्या. त्या मी उभं राहून तोडायला लावल्या."

"काय हो साहेब," यमुताई म्हणाल्या, "तुम्ही गेलेच नाही, त बाभळी कोणाले तोडाले लावल्या? साखरपुड्याच्या मांडवात उगवल्या होत्या का?"

"हेही यानंच घातलं असेल."

"नाही. ज्यानं आपलं न ऐकलेलं सोताहून सांगितलं, त्यानं ऐकलं म्हटलं की ऐकलं. बसा खाली."

मनोहरराव बसले. आता बाक असा वाजला की बाहेरचा चपराशी आत डोकावला. वामनरावांना वाटलं, उठून नाचावं. सतरा वर्षांत समितीला खेळवून हसत हसत निघून गेलेले कितीक साहेब त्यांनी पाहिले होते. आज एक सापडला, आणि आपल्या वाचण्यानं सापडला.

दुपारी वच्छला टंकलेली साक्ष घेऊन वऱ्हांड्यात आली. साक्षीदारानं वाचायचं, चूक असेल तर दुरुस्त करायचं, सही करायची, हा नियम. वामनरावांनी वाचलं. मग परत वरून वाचलं.

"वच्छला, मधलं काहून नाही वं? रुपरावाचं? ताईनं म्हटलं तेही नाही."

ती इकडेतिकडे पाहत हळू बोलली, "काकाजी, साहेब त सापडला. बाभळीचं आहे न त्याच्यात, तेवढ्यानं भागते. पुढच्या वर्षीची यादी करणारे हाच कागद पाहतीन. न ऐकता लिहिलं असं दिसलं, की तुमचं नाव कटलं. मी सोडलं तेवढं. कोणी नाही विचारत."

पोरीची माया वामनरावांना कळत होती. या विधानभवनात त्यांची एवढी काळजी कोणी केली नव्हती.

मग त्यांनी तिचा पेन मागून घेतला. समासात, वळणदार अक्षरात, त्यांनी रुपरावांबद्दलची आपली वाक्यं जशी बोलले होते तशी लिहिली. त्याखाली यमुताईंचं 'त्यानं ऐकलं म्हटलं की ऐकलं' हे वाक्य लिहिलं. खाली सही केली, तारीख घातली.

वच्छलाच्या डोळ्यात पाणी आलं. "काकाजी, काहून असं करता?"

"अवं, माह्यं बोलणं पहिल्यांदा लिहून घेतलं कोणी," ते म्हणाले. "पुरं त राहू दे."

संध्याकाळी फाटकावर, यादीतून नाव कोणी कापायची वाट न पाहता, त्यांनी कोटाला लावलेला पास काढून चपराशाच्या हातात दिला.

"वामनरावजी, अधिवेशन त शुक्रवारपर्यंत आहे न?"

"हाव, आहे," वामनराव म्हणाले, आणि कोटाच्या कापडावर पडलेली टाचणीची दोन भोकं अंगठ्यानं नीट दाबून सायकलवर बसले.