बाजेवर कोण?

"कुटुंबनियोजन ही फक्त बाईची जबाबदारी आहे. सहमत, की असहमत?"

"असहमत!" माझा नवरा म्हणाला. एवढ्या जोरात म्हणाला, की पत्र्याच्या आडभिंतीमागे भाकरी थापणाऱ्या मलाही स्वच्छ ऐकू आलं.

प्रश्न विचारणारी श्रद्धा परभणीहून टॅब घेऊन आली होती. घरात बाई कशी वागते, पुरुष कसा वागतो, कुणाला काय वाटतं आणि त्याचा तब्येतीवर किती परिणाम होतो, ते मोजायचं म्हणे. रक्त मोजतात, वजन मोजतात, हे मला ठाऊक होतं. वागणंही मोजतात हे त्या दिवशी कळलं. आणि आमचे बालाजीराव माप द्यायला अगदी नवरदेवासारखे ऐटीत बसलेले. बाई आजारी असेल तर पुरुषानं घरकाम करावं? सहमत. बायकोच्या तब्येतीचा निर्णय बायकोनं घ्यावा? एकदम सहमत! मला आधी हसू आलं, मग असा संताप आला की तव्यावरची भाकरी करपली.

कारण येत्या मंगळवारी सेलूच्या शिबिरात माझं मुलं बंद करायचं ऑपरेशन ठरलं होतं. ठरवलं कुणी? ह्यांनी आणि ह्यांच्या आईनं. धाकट्याच्या बाळंतपणात माझं इतकं रक्त गेलं, की बाटल्या चढवल्या तेव्हा कुठे मी डोळे उघडले. अजूनही शाळेत पोरांच्या खिचडीचं पातेलं उतरवताना मला अंधारी येते. डॉक्टरीणबाईंनी ह्यांच्या तोंडावर सांगितलं होतं, "हिला आता तिसरं बाळंतपण झेपणार नाही, आणि अंगात रक्तही कमी आहे. तुम्हीच नसबंदी करून घ्या. सोपं असतं, त्याच दिवशी घरी जाल." तेव्हा हे पंख्याकडे बघत बसले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "गोळ्या खा. रक्त वाढतंय." गोळ्यांनी जरासं वाढलं, की लगेच माझी तारीख काढली.

मी पिठाच्या हातानंच बाहेर आले. "ताई, असहमत लिहिलं का?"

श्रद्धा गडबडली. "वहिनी, तुम्हाला मी नंतर एकटीला विचारते."

"माझं आत्ताच घ्या. मंगळवारी मी जानार न्हाई. ह्यांना धाडते. असहमत म्हनले न्हवं?"

"अगं, ते पाव्हण्यापुढं बोलायचं असतंय," हे म्हणाले.

"मंग घरात काय बोलायचं असतंय?"

सासूबाई, चतुराबाई, उंबऱ्यातूनच कडाडल्या, "गड्यामानसाला कुटं आपरेशन असतंय व्हय गं? ताकद जाती सगळी. नांगर कोन धरंल?"

"ट्रॅक्टर धरंल, आत्याबाई. बैल कवाच इकलेत आपन."

श्रद्धानं मान खाली घातली. हसत होती बिचारी.

त्या दिवसापासून मी माझं अंथरूण लेकरांमध्ये घातलं. सासूबाईंनी अबोला धरला. ह्यांनी आधी दम दिला, मग लाडीगोडी लावली. मी एकच वाक्य बोलत राहिले, "मला मरायचं न्हाई." रडून नाही, ओरडून नाही. भाजी वाढताना म्हणायचे, पाणी देताना म्हणायचे. शेवटी सोमवारी सकाळी ताट सरकवून हे म्हणाले, "बरं. जातो. पर गावाला कळता कामा न्हाई. आपरेशन तुझंच झालं म्हनायचं. बाजेवर तूच पडायचं."

मी विचार केला, जीव तर वाचतोय. पडते की.

मंगळवारी गावच्या आशा कार्यकर्त्या सुलाबाईंबरोबर आम्ही दोघं सेलूला गेलो आणि दुपारच्याला परत आलो. सुलाबाई जाताना बजावून गेल्या, "दाजी, जड उचलायचं न्हाई. पडून ऱ्हायचं." आणि सासूबाईंनी बाज टाकली ती माझ्यासाठी! डोक्याला फडकं बांधून मी धडधाकट बाई पांघरुणात पडले. ह्यांनी मात्र दारात लोखंडी खुर्ची घेतली. घामानं निथळत होते, पण येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत होते, "राजेश्रीला लय तरास व्हायलाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतल्या बायका बघायला आल्या. तानुबाईंनी डिंकाच्या लाडवांचा डबा आणला. नात्यानं ह्यांच्या चुलती, वयानं सगळ्यांत थोरल्या, तोंडानं सगळ्यांत तिखट. आल्या आल्याच म्हणाल्या, "बायकू पडली बाजंवर, आन् तू खुर्चीत व्हय रे बालाजी? त्यो भरलेला हांडा तरी आत न्हिऊन ठेव की!"

ह्यांची कानशिलं लाल झाली. उठले, भरलेल्या हंड्याला हात घातला. हंडा जमिनीवरून सुटला आणि ह्यांच्या तोंडातून कळवळल्याचा आवाज निघाला. तरी हंडा सोडीनात. सासूबाईंना सगळं दिसत होतं. त्यांनी तोंड फिरवलं. लेकाचं काही का होईना, इज्जत ऱ्हायला पाहिजे!

मी पांघरूण फेकलं. डोक्याचं फडकं सोडलं.

"ठेवा तो हंडा!"

"राजेश्री, पड," हे दातओठ खात म्हणाले.

"न्हाई पडत. मी तुमाला मरायला धाडलं न्हवतं." हंडा मी त्यांच्या हातातून ओढून घेतला, दंडाला धरून त्यांना बाजेवर बसवलं, आणि बायकांकडे वळले. "आपरेशन ह्यांचं झालंय. माझं न्हाई. लाडू ह्यांना द्या."

कुणी तोंडाला पदर लावला, कुणी एकमेकींना कोपर मारलं. सासूबाई म्हणाल्या, "घालवलीस गं सटवे, घराची अब्रू घालवलीस."

"घालवली. आता मानूस जाग्यावर हाय का बघा."

हे पांघरूण तोंडावर ओढून घेत होते. तानुबाई सगळ्यांत मोठ्यानं हसत होत्या. हसता हसता त्या बाजेच्या कडेला टेकल्या, डबा उघडला आणि एक लाडू ह्यांच्या हातात ठेवला.

"दुखतंय का रे?"

"दुखतंय," पांघरुणातून आवाज आला.

"मंग पडून ऱ्हा. उठू नगं." तानुबाईंचं हसू थांबलं होतं. "माझं आपरेशन झालं, टाक्यांतनं पू येत हुता, तवा मी कापूस येचत हुते. तुझा चुलता बांधावर बसून बघायचा."

बायका गुमान खाली बसल्या. तानुबाईंनी डब्यातला दुसरा लाडू काढला, थोडा वेळ हातात धरून बघत राहिल्या, आणि स्वतःच खाल्ला.