लोखंडी जिना

तुम्ही भित्रे आहात. माणसं उचलून इकडची तिकडे करायची, आणि कोणी का म्हणून विचारलं की देवाच्या आड लपायचं, एवढंच तुम्हाला येतं.

पास्टर स्वामीनाथ सकाळपासून हे मनातल्या मनात बोलत पडवीत येरझाऱ्या घालत होता. ज्यांना ऐकवायचं ते बिशप अय्या धर्मप्रांताच्या कचेरीत पंख्याखाली बसलेले. त्यांच्यापुढे उभा राहिला की याच्या तोंडून फक्त 'होय अय्या' निघायचं. वेदीवर वाघ, कचेरीत मांजर.

दर मे महिन्यात प्रांतातले पास्टर सोंगट्यांसारखे हलतात. याने घर सोडलं की त्यात तो, त्याने सोडलं की त्यात तिसरा. स्वामीनाथची बदली कुंभकोणमहून समुद्राकाठच्या एका गावी झाली होती. तो जाऊन घर पाहून आला होता. खाली गोदाम, वर दोन खोल्या, बाहेरून लोखंडी जिना. कठडा एका बाजूने गंजून गळून पडलेला. संडास खाली.

आणि त्याची आई, मीनाक्षीबाई, आंधळी.

त्यांच्या घरी पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा देव बदलला, पण नावं बदलली नाहीत, आणि चुलीपाशी बोलायची जुनी तंजावरी मराठीही नाही. मीनाक्षीबाईचे डोळे काचबिंदूने गेले ते याच चर्चमागच्या घरात. पहिले काही महिने स्वामीनाथने मागच्या दारापासून न्हाणीपर्यंत काथ्याची दोरी बांधून दिली होती. पुढे म्हातारीनेच ती सोडायला लावली. आता ती भिंतीला बोटं लावत घरभर फिरायची, मोरी धुवायची, भाजी निवडायची, आणि दूध उतू जायच्या आधी सुनेला हाक मारायची.

स्वामीनाथने एकच मागितलं होतं. गाव कितीही आडबाजूचं द्या, घर तेवढं जमिनीवरचं द्या. कचेरीतून पहिल्यांदा कळलं, अय्या दौऱ्यावर आहेत. मग कळलं, अय्या प्रार्थनेत आहेत. शेवटी निरोप आला, 'तुमच्यासाठी प्रार्थना करतो.'

दुपारी फाटकाशी लॉरी थांबली. वर कपाट, इडलीचं ग्राइंडर, टोपलीत कोंबड्या. पुढच्या सीटवरून आडुतुरैचे पास्टर ज्ञानदुरै, या घरात बदलून येणारे, घाम पुसत उतरले.

"तुम्ही उद्या येणार होता ना?" स्वामीनाथने तमिळमध्ये विचारलं.

"मीही तेच म्हणत होतो," ज्ञानदुरै म्हणाले. "पण माझ्या जागी आलेला आजच सामान घेऊन हजर. त्याची बायको माझ्या चुलीवर सांबार करतेय. मी काय कोंबड्या घेऊन बस-स्टँडवर बसू?"

स्वामीनाथची बायको कीर्ति दारात आली. "या आत. फिल्टर कापी घ्या. एक पास्टर घरात होता तेव्हा काय दिवे लागले, आता दोन झाले."

ज्ञानदुरै मोठ्याने हसले. स्वामीनाथला हसू आलं नाही. हमाल सामान आत ठेवू लागले. आत जागा कुठे होती? स्टीलचं कपाट त्यांनी मधल्या बोळात टेकवलं, स्वयंपाकघराच्या वाटेवर.

स्वामीनाथ "तिथे नको" म्हणेपर्यंत मीनाक्षीबाई भिंतीला बोटं लावत आली, आणि कपाळ कपाटाच्या कडेवर आदळलं.

तो धावला. खोक नव्हती, टेंगूळ आलं होतं. म्हातारी कपाटावरून हात फिरवत राहिली. कडी चाचपली, वर बांधलेल्या गादीची दोरी चाचपली.

"स्वामी, हें आपलें नव्हे," ती म्हणाली. "आपण निघालों काय?"

त्याने ओला पंचा तिच्या कपाळाला लावला. तिने तो बाजूला सारला.

"कोठे?"

गावात कोणाचा मुलगा गेला तर आईबापांना सांगायला लोक यालाच बोलावून न्यायचे. आणि स्वतःच्या आईला बदलीचा शब्द सांगायला याची जीभ उचलली नव्हती. कचेरीतून काहीतरी येईल, मग सांगू, म्हणत महिना काढला होता.

शेवटी त्याने सांगितलं. गाव, गोदाम, जिना, तुटका कठडा, खालचा संडास. काही लपवलं नाही.

मीनाक्षीबाईने ऐकून घेतलं. "मला कशाला भ्यालास? मी काय तुझी बदली केलें? ज्यांनीं केलें त्यांस विचार."

"विचारलें, आई."

"विचारलें नाहींस. विनविलेंस."

ज्ञानदुरैंना मराठी कळत नव्हती, पण त्यांनी हमालांना हाताने थांबवलं आणि पडवीच्या पायरीवर जाऊन बसले. स्वामीनाथने सगळ्यांसमोर फोन लावला.

"अय्या प्रार्थनेत आहेत," कारकून म्हणाला.

"होऊ द्या पूर्ण. मी फोन ठेवत नाही."

बराच वेळ पंख्याची घरघर ऐकू आली. मग अय्यांचा तो जड, गोड आवाज आला. "स्वामीनाथ, काय हा हट्ट? बोलावणं देवाचं असतं. आपण सेवक. जायचं म्हटलं की जायचं."

"बोलावणं देवाचं असेल अय्या, सही तुमची आहे." "घर तुम्ही निवडलंत. देवाने त्या जिन्यावर पाय ठेवलेला नाही, तुम्हीही नाही. मी ठेवलाय. माझी आंधळी आई दिवसातून चारदा त्यावरून खाली कशी उतरेल? ती पडली तर उचलायला कोण येणार, तुम्ही? देवाला मी रोज विचारतो. आत्ता तुम्हाला विचारतोय. सांगा."