उजेडाने उठणारी मुलगी

यावलच्या आमच्या घरात सकाळचा उजेड घाई करत नाही. आधी तो खिडकीच्या गजांवर थबकतो. मग भिंतीवरून उतरून पत्र्याच्या पेटीचा गंजलेला कोपरा उजळतो, गोधडीच्या टाक्यांवरून हळूहळू सरकत राहतो आणि अखेरीस माझ्या चार वर्षांच्या मुलीच्या, प्राचीच्या, पापण्यांवर येऊन थांबतो. तेव्हाच ती उठते. माझ्या बायकोने, सपनाने, स्वयंपाकघरातून कितीही हाका मारल्या, तरी तेव्हाच.

"बापवर गई शे पोर," माझी आई, भिकुबाई, म्हणायची. "तो तरी कोठे बोलस?" धुळ्याकडची बोली तिने कधी सोडली नाही. प्राचीला सर्दी झाली की आई लसूण टाकून कोमट केलेले तेल तिच्या कानात सोडायची. सर्दी वारंवार होत असे, आणि तेलही.

मुलीचे मौन मला माझेच वाटे. या घरात माझ्यासारखे आणखी कुणीतरी आहे, एवढ्या समाधानावर माझे शिणलेले दिवस निघत होते.

"लाजत नाही हो ती," सपना एकदा वैतागून म्हणाली. "लाजता तुम्ही."

शेवटी तिच्याच हट्टाने आम्ही प्राचीला जळगावला नेले. तिथल्या डॉक्टरबाईंनी प्राचीच्या कानात दुर्बीण धरून पाहिले. "पडद्यामागे चिकट पाणी साचलंय. उपचार आहे त्यावर. तेल मात्र आजपासून बंद. ऐकू किती येतं ते आधी बघू."

"ती लाजाळू आहे," मी म्हणालो.

तपासणीची खोली लहान आणि बंद होती. आवाज आला की एक मणी डब्यात टाकायचा, हा खेळ तिथल्या ताईंनी प्राचीला खुणांनी शिकवला. ती माझ्यासमोर बसली. स्पीकरमधून बारीक शीळ आली, मणी पडला. पुन्हा शीळ, पुन्हा मणी. एसटीच्या प्रवासाने आंबलेले माझे खांदे सैल झाले. मी सपनाकडे पाहिले. ती मात्र माझ्याकडेच टक लावून पाहत होती.

"प्राचीचे पप्पा," काचेपलीकडून ताईंचा आवाज आला, "दर वेळी मान हलवताय तुम्ही. ती तुम्हाला बघून मणी टाकतेय. जरा भिंतीकडे तोंड करा."

मी वळलो. भिंतीवर ट्यूबचा पांढरा, न सरकणारा उजेड होता. शीळ आली. मग थोडी मोठी आली. मी मान ताठ धरली, श्वास रोखला आणि डब्यातल्या त्या लहानशा आवाजाची वाट पाहू लागलो. शीळ आणखी मोठी झाली. डबा वाजला नाही.

प्राचीला नीट ऐकू येत नाही.