माझ्या आवाजात बुडालेली हाक

मित्रांनो, लग्नाच्या मांडवात किंवा सभेच्या खांबावर बांधलेला पत्र्याचा कर्णा तुम्ही पाहिला असेल. मी तसाच एक. वय झालेला, कडेला दोन पोचे पडलेला. मार्गासनी गावचे मांडववाले रखमाजी माझे मालक. आज जे सांगणार आहे ते सांगताना मला लाज वाटते. तरी सांगतो.

माझे सुरुवातीचे दिवस चांगले गेले. विहारात वंदना मी ऐकवली. जत्रेत हरवलेली पोरे आईबापांना मिळवून दिली. एका पावसाळ्यात धरणातून पाणी सोडणार होते, तेव्हा रखमाजींनी मला टेम्पोवर बांधून नदीकाठची गावे सावध केली. लोक म्हणाले, "कर्णा व्हता म्हनून गुरं वाचली." तेव्हा मी फार फुशारलो होतो.

गेल्या एकतीस डिसेंबरची गोष्ट. सकाळी गुंजवणी धरणाजवळच्या एका वाडीत कार्यक्रम होता. तिथले पुढारी सर्जेरावभाऊ यांनी गावाला दूध वाटले आणि माझ्यातून सगळ्यांना शपथ दिली, "दारू पिणार नाही. कचरा करणार नाही. मोठ्या आवाजाने कुणाला त्रास देणार नाही."

पुढच्याच रांगेत साळूबाई बसल्या होत्या. त्यांचे घर धरणाच्या काठाला, सहलीच्या पाहुण्यांसाठी उभारलेल्या तंबूंच्या शेजारी. त्यांचे पती गेनबा हृदयाच्या दुखण्याने दोन महिने घरीच होते. साळूबाई उभ्या राहिल्या.

"भाऊ, काठावरच्या तंबूंचा दनका यंदा तरी बंद व्हईल का? आमच्या ह्यांना सोसत न्हाई."

"शब्द देतो, आई," सर्जेरावभाऊ म्हणाले. टाळ्या वाजल्या. त्यांचा शब्द डोंगरापर्यंत पोचवताना मलाही अभिमान वाटला.

संध्याकाळी रखमाजींना फोन आला. काठावरच्या तंबूंवर गाणी लावायची होती. पुण्याहून निघालेल्या स्पीकरच्या पेट्या नसरापूरजवळ गाड्यांच्या कोंडीत अडकल्या होत्या. "तुझाच कर्णा आण लवकर," असे सांगणारा आवाज मी ओळखला. सकाळी शपथ देणारा तोच आवाज. तंबू भाऊंच्या मेहुण्याच्या नावावर होते, जागा भाऊंची होती.

मला खांबावर चढवले. माझे तोंड नेमके साळूबाईंच्या घराकडे झाले. पाहुणे नाचू लागले. सकाळी दूध वाटलेल्या टेबलावर आता बाटल्या होत्या.

साडेसातच्या सुमारास साळूबाई अंगणात आल्या. एका कानाला मोबाईल, दुसऱ्या कानावर हात. गेनबांच्या छातीत कळ आली होती आणि त्या रुग्णवाहिकेला फोन करत होत्या. पलीकडचा माणूस गावाचे नाव पुन्हा पुन्हा विचारत होता. साळूबाई ओरडून सांगत होत्या, पण मी त्यांच्यापेक्षा मोठ्याने ओरडत होतो. त्यांचा एक शब्दही पलीकडे पोचेना. शेवटी त्या कुंपणाशी धावत आल्या आणि दोन्ही हात हलवू लागल्या.

रखमाजींनी त्यांना पाहिले. मग त्यांनी सर्जेरावभाऊंकडे पाहिले. भाऊंनी 'वाढव' अशी खूण केली. रखमाजींची बोटे क्षणभर थांबली. नंतर त्यांनी आवाज वाढवला.

साळूबाई मागे वळल्या आणि गावात आरोग्याचे काम करणाऱ्या आशा सेविका अश्विनीच्या घराकडे पळाल्या. थोड्या वेळाने अश्विनी आली, कुणालाही न विचारता तिने गाण्याची वायर उपटली आणि माईक हातात घेतला.

"गेनबा आजोबांना दवाखान्यात न्यायचंय. शुद्धीत हाय असा कोनी गाडीवाला हाय का हितं?"

नाचणाऱ्यांपैकी कुणी पुढे आले नाही. मग कोपऱ्यात मुलांना जेवू घालणारी एक बाई उठली. तिच्या गाडीतून गेनबांना नेले. जीव वाचला. पण डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणायला हवे होते. आता चार पावले चालले तरी गेनबांना धाप लागते. भाताच्या खाचरात उतरणे कायमचे बंद झाले.

दुसऱ्या दिवशी, नव्या वर्षाच्या सभेत, सर्जेरावभाऊ माझ्यातूनच म्हणाले, "काल आमच्या लोकांनी गाडी देऊन एका आजोबांचे प्राण वाचवले." रखमाजींचा हात बटणापर्यंत गेला आणि तसाच परत आला. मी ते खोटेही खणखणीत आवाजात गावभर पोचवले.

आठ दिवसांनी रखमाजी साळूबाईंच्या दारात उभे राहिले. मी मागे टेम्पोत होतो.

"मावशी, चुकलं माझं. गानं चालू व्हतं, काय बी ऐकू आलं न्हाई."

साळूबाई तांदूळ निवडत होत्या. सूप खाली न ठेवताच त्या म्हणाल्या, "कर्न्याला कान नसत्यात, रखमाजी. पर तू तर माज्याकडं बघत हुतास."

रखमाजी मागे फिरले. टेम्पोत बसल्यावर बराच वेळ त्यांनी चावी फिरवली नाही.

मित्रांनो, मला खांबावर जिकडे बांधतात तिकडेच माझे तोंड राहते. समोर कुणाचे घर आहे, आत कोण आजारी आहे, हे मला विचारता येत नाही. तुम्हाला येते. म्हणून माझा आवाज वाढवण्याआधी समोरच्या घरापर्यंत एकदा चालत जा आणि दार वाजवून विचारा.